संपानंतरची सासवड गाडी

आज हडपसरच्या थांब्यावरून एक एसटी काळा धूर सोडत गेली. डिझेलचा तो वास नाकात शिरला आणि संप मिटला ती सकाळ आठवली.

तेव्हा मी कंडक्टर होते. एकही मागणी मान्य न होता, थकून आम्ही कामावर परतलो होतो. घोषणा देऊन देऊन माझा आवाज बसला होता. त्यात सासवडची आमची गाडी आगारात उभी राहून राहून सुरूच होईना. ड्रायव्हर शिंदेकाका म्हणाले, "सरकार काही हललं नाही. निदान गाडी तरी हलवू या."

आम्ही ढकलायला लागलो, तसे खोळंबलेले प्रवासीही आले. माझ्या शेजारी एक म्हातारी जोर लावत होती. "तुमच्या संपापायी लेकीच्या बाळंतपणाला जाता आलं न्हाई मला," ती म्हणाली. "तुमचं तरी काय झालं का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग ढकला आता."

इंजिन धडधडलं. धुरात सगळेच खोकलो. मी तिला खिडकीजवळ बसवलं, पण दिवसभर तिचं बोलणं मला टोचत राहिलं. आता वाटतं, त्या अख्ख्या संपात आमचं काय झालं, हे विचारणारी ती एकटीच होती.