दहा ओळींचं पत्र

पुण्यात मुलींच्या शाळेत मी नऊ वर्षं मराठी शिकवलं. त्या नऊ वर्षांत किती मुली नापास केल्या याची गणती नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा जरा तोराही होता. त्यांतली एकही आज आठवत नाही. आठवते ती न्यू जर्सीत नापास केलेली एकच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत आल्यावर माझ्या एम.ए. मराठीला कोण विचारतंय! आठवडाभर मी एका कारखान्यात लिपस्टिकच्या कांड्या खोक्यांत भरायचे आणि रविवारी मराठी मंडळातल्या मुलांना चर्चच्या तळघरात मुळाक्षरं शिकवायचे. मुलं यायची ती आईबापांनी दामटून आणलेली. माझी स्वतःची मुलगी मागे बसून च्युइंगगम चघळायची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरी रोजचंच होतं.

एका ऑक्टोबरात जवळच्या हायस्कूलमधून फोन आला. तिथल्या कौन्सेलरबाई बोलत होत्या. त्यांच्याकडे शाळा पुरी करायची तर कुठली तरी परकी भाषा दोन वर्षं शिकावी लागे. पण एखाद्या मुलाला घरचीच दुसरी भाषा येत असेल, तर परीक्षा देऊन त्या दोन वर्षांचं क्रेडिट मिळवता यायचं. स्पॅनिश-फ्रेंचचे छापील पेपर त्यांच्याकडे होते. मराठीचा कुठून असणार? कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. तुम्ही परीक्षा घ्याल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कणीक मळत होते. त्या कणकेच्या हातानेच मी ताठ उभी राहिले. इतक्या वर्षांत या देशात मला पहिल्यांदाच कुणी काहीतरी येणारी बाई समजत होतं.

मुलगी सतरा वर्षांची, शेवटच्या वर्षाला. मंडळामुळे कुटुंब तोंडओळखीचं होतं, अमरावतीकडचं. पहिली झाल्यावर ती इकडे आली होती. तिची आई वर्षापूर्वी माहेरी परत गेली होती. कॅन्सर. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती म्हणाली की मला माझ्या आईजवळ जायचंय. बापाला नोकरी सोडता येत नव्हती, मुलीला शाळा. मराठीचं क्रेडिट मिळालं असतं तर मुलीचं सगळं जानेवारीत पुरं होऊन ती आईकडे जाऊ शकणार होती. नाहीतर जूनपर्यंत इथेच. आणि आईजवळ जूनपर्यंतचा वेळ नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी तिच्या वडिलांचा फोन आला. ‘ताई, जरा सांभाळून घ्या. पोरीला आईपाशी जायचं आहे.’ झालं, माझं डोकंच फिरलं. ‘परीक्षेआधी परीक्षकाला फोन करायचा नसतो, एवढं तरी कळायला हवं तुम्हाला,’ असं म्हणून मी फोन आपटला. नवऱ्याला म्हटलं, ‘बघा, सातासमुद्रापार आले तरी वशिला काही सुटत नाही यांचा!’ तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, ‘अगं, बाप आहे तो.’ मला ते अजिबात आवडलं नाही.

आणि माझ्या डोक्यात आणखीही एक भूत होतं. हे गोरे लोक म्हणणार, इंडियन बाईने इंडियन मुलीला पास करून टाकलं. मराठी म्हणजे काय फुकट वाटायची भाषा आहे? दाखवतेच यांना.

शाळेने पाठवलेला फॉर्म एक पानाचा होता. ऐकून कळतं का, बोलता येतं का, वाचता-लिहिता येतं का, आणि हे सगळं वर्गात दोन वर्षं शिकण्याइतकं आहे का. खाली हो किंवा नाही. बस्स. मी तो बाजूला ठेवला आणि आमच्या दहावीचा असतो तसा सबंध पेपर काढला. उतारा, निबंध, पत्र, तोंडी. शंभर मार्क, पस्तीसला पास. हे सारं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेच्या लायब्ररीमागच्या छोट्या खोलीत परीक्षा झाली. ती घट्ट वेणी घालून आली होती. कुणीतरी सांगितलं असणार, तशी घाल म्हणून. ‘नमस्कार, काकू,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘आज काकू नाही. बाई म्हणायचं.’ ती म्हणाली, ‘हो, बाई.’

तोंडीला मी तिला विचारलं, कुठलाही एक पदार्थ कसा करतात ते सांग. तिने गोळाभात सांगितला. अहो, काय सांगितला! दहा मिनिटं पोरगी थांबली नाही. आई डाळ अशी जाडीभरडीच वाटते, मी पिठासारखी बारीक केली की कशी रागावते, भात अर्धा शिजला की गोळे हलकेच आत सोडायचे, वरून कडकडीत तेलाची फोडणी. सांगताना तिचे हात आपोआप गोळे वळत होते. ती कोथिंबिरीला सांबार म्हणत होती, ‘आई करून राहिली’ म्हणत होती, तिकडच्या घराघरांत म्हणतात तसंच. माझी मुलगी सात जन्मात असं बोलली नसती. आणि मी शहाणीने समासात लिहिलं, ‘बोलीभाषा’, आणि वीसपैकी नऊ दिले.

लिहिताना मात्र ती अडली. अक्षरं येत होती, पण कधी लिहायची वेळच आली नव्हती. मायलेकी एकमेकींना पत्रं लिहीत नसत. कॅसेट भरून बोलायच्या आणि इकडून तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत टाकायच्या. उताऱ्यात ती धडपडली. निबंध अर्धं पान झाला. शेवटचा प्रश्न होता, ‘आपल्या नातेवाइकास पत्र लिहा, किमान दहा ओळी.’ ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग जेमतेम तीन ओळी लिहिल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. पत्राला मी दहापैकी दोन दिले.

बेरीज झाली एकतीस.

चार मार्क कमी. पुण्यात मी दर वर्षी चार-चार, पाच-पाच मार्क ग्रेसचे देत आले होते. एखादीचं लग्न ठरलंय, एखादीचा बाप वारलाय, म्हणून हळूच पस्तीस करायचे. पण इथे बापाचा तो फोन आडवा आला. मी फॉर्मवर ‘नाही’वर खूण केली. कौन्सेलरबाईंनी मुद्दाम फोन करून विचारलं, नक्की ना, ती तर म्हणते घरी हीच भाषा बोलतो. मी म्हटलं, नक्की. त्या म्हणाल्या, ठीक आहे, वसंतात पुन्हा बसू देत तिला. वसंतात!

मार्चअखेर मंडळात गुढीपाडवा होता. मी पंगतीत श्रीखंड वाढत होते. एक बाई शेजारणीला सांगत होत्या, ‘त्या अमरावतीच्या वहिनी गेल्या हो, महिना झाला. बापलेक धावत गेले, पण सगळं आटोपलं होतं. पोरगी तेराव्यापुरती पोचली.’ माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पुढच्या माणसाने ताट पुढे केलं, तेव्हा मी वाढलं आणि पुढे गेले. काय करणार होते?

तरीही मी मनाशी म्हणत होते, नियम तो नियम. माणूस किती कोडगं असतं बघा. तो कोडगेपणा माझ्या मुलीने जूनमध्ये उतरवला, तिच्याही नकळत. तिची स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. स्वयंपाकघरात ती पाठ करत होती, मी भाजी चिरत होते. मी विचारलं, काय म्हणतेस ते इंग्रजीत तरी सांग. तिने सांगितलं. माझ्याकडे एक मांजर आहे. मांजर काळं आहे. माझ्या मावशीचं घर मोठं आहे. मला सफरचंद आवडतं.

‘आणि पुढे?’ मी विचारलं.

‘दॅट्स इट, मम्मी,’ ती म्हणाली. दोन वर्षांत एवढंच असतं म्हणे. ‘आय विल गेट अॅन ए.’

मी विळी आडवी केली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दोन वर्षं शिकण्याइतकं, एवढंच तर त्यांनी विचारलं होतं. काळं मांजर आणि सफरचंद! आणि मी त्या पोरीला दहावीच्या बोर्डाला बसवली होती. सबंध गोळाभात रांधून तिने माझ्यापुढे ठेवला होता, आणि मी त्यातले खडे वेचत बसले. मी रडले. पण माझ्या रडण्याने कुणाची आई परत येणार होती?

त्यानंतरच्या रविवारी ती मुलगी चर्चच्या तळघरात आली. मुलं निघून गेली होती, मी फळा पुसत होते. दारातूनच म्हणाली, ‘बाई.’

काकू नाही म्हणाली. मीच शिकवलं होतं.

मला वाटलं, भांडायला आली. बरं झालं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, माझा तो पेपर आहे का तुमच्याकडे? त्यात मी आईला पत्र लिहिलं होतं. मराठीत मी तिला तेवढं एकच लिहिलंय. मी भरलेल्या कॅसेट सगळ्या तिच्यापाशी होत्या. मामाने त्यांच्यावर भजनं भरून टाकली. त्याला माहीत नव्हतं.’

पेपर माझ्याकडेच होता. शाळेला फक्त फॉर्म हवा होता. पेपर घरी कपाटात, माझ्या सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये होता. पाच मिनिटांत आणून देता आला असता.

मी म्हटलं, ‘नाही गं. शाळेला पाठवून दिला मी. त्यांनी फेकला असेल.’

‘ओके,’ ती म्हणाली. ‘थँक यू, बाई.’ आणि जिना चढून गेली. नंतर ते बापलेक कॅलिफोर्नियाला गेले असं कानावर आलं. पुन्हा गाठ पडली नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतं.

‘आई, मी जानेवारीत येते. बाई पास करतील. तू तोवर थांब.’

त्याच्याखाली माझ्या हातची लाल शाई आहे, ती मात्र जराही पुसट झालेली नाही. ‘पत्र अपुरे. आणखी सात ओळी हव्यात.’