दोन नळ्यांतली एक

त्याला सगळे डिग्रीमिस्त्री म्हणायचे. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कोण डिग्री देतं? पण याने ती स्वतःच्या तळहाताने मिळवली होती. गाडी आली की हा बोनेट उघडणार, इंजिनावर, रेडिएटरवर, गिअरबॉक्सच्या पोटाला क्षणभर हात टेकवणार आणि आकडा सांगणार. पंच्याऐंशी. सत्तर. एकदा एका शहाण्याने मुद्दाम मीटर आणून पडताळून पाहिलं. दोन डिग्रीचा फरक निघाला, तर मिस्त्री त्यालाच म्हणाला, "मीटर दुरुस्त करून घ्या तुमचं." घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज होतं. घाट चढणारा माणूस आधी तिथे थांबून त्याचा हात लावून घ्यायचा आणि मगच पुढे जायचा. तीस वर्षं याने ही शेखी मिरवली, आणि का मिरवू नये?

दोन वर्षांपूर्वी त्या हातानेच दगा दिला. रक्तातल्या साखरेने आधी पायांची बोटं बधिर केली, मग हातांची. गरम काय, गार काय, काही कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, जपून काम करा. याने घरी फक्त गोळ्यांचं सांगितलं, बाकीचं गिळून टाकलं. हात टेकवायचा तसाच टेकवायचा, पण आकडा आता वासावरून, वाफेवरून, गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून. मेलं जमतही होतं, हीच तर खरी पंचाईत झाली. एकदा तोंडावर आपटला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या दुपारी थोरली लेक गाडी घेऊन दारात उभी राहिली. घाटापलीकडच्या शाळेत तिला नोकरी लागली होती. मागे ट्रेलर जोडलेला, त्यात अख्खं बिऱ्हाड: कपाट, पलंग, शिलाई मशीन, पुस्तकांच्या चार ट्रंका. शेजारच्या सीटवर तिची आई, चार दिवस घर लावून द्यायला निघालेली. गाडी ऑटोमॅटिक. मागच्या खेपेला नुसत्या रिकाम्या गाडीने घाट चढताना करपल्याचा वास आला होता, म्हणून लेकीने गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारं मीटर आणलं होतं. एकशेवीसच्या पुढे त्यावर लाल पट्टा.

"बाबा, एवढं बसवून द्या. दुसऱ्या कुणाकडे मी नेणार नाही."

काम तसं सोपं. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल एका नळीतून निघतं, रेडिएटरमध्ये थंड होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. मीटरचा सेन्सर जाणाऱ्या नळीत बसवायचा, म्हणजे तेल खरं किती तापलंय ते दिसतं. चुकून परतीच्या नळीत बसवला, तर गिअरबॉक्सची भट्टी झाली तरी काटा आपला गारेगार. नळ्या दिसायला अगदी एकसारख्या. ओळखायच्या कशा? गाडी जरा फिरवून आणायची आणि दोन्हींना हात लावायचा. जास्त गरम ती जाणारी.

दुसरीही रीत होती. नळी सोडायची, खाली डबा धरायचा, गाडी क्षणभर सुरू करायला लावायची, आणि तेल कुठून उडतं ते बघायचं. पाच मिनिटांचा प्रश्न. पण लेक शेजारी वाकून उभी होती आणि आईला बोलावत होती, "आई, ये ना, आता बाबा हात लावून सांगतील बघ." लहानपणी दप्तर पाठीवर घेऊन हीच पोरगी मैत्रिणींना इथे आणायची आणि बापाचा हात दाखवायची. आता तिच्यासमोर डबा काय मागायचा?

त्याने वरच्या नळीला हात लावला. मग खालच्या नळीला. दोन्ही लाकडाच्या असत्या तरी त्याला तेवढंच कळलं असतं.

"खालची," तो म्हणाला.

पुढचं काम त्याने इतकं नेटकं केलं की कुणी नाव ठेवू नये. नळी कापून सेन्सर बसवला, तारा रबरी नळकांडीतून आत नेल्या, मीटर स्टिअरिंगशेजारी लावलं, काटा हलतो की नाही ते पाहिलं. हलला. लेक खूश झाली. "आता मधल्या वळणावर अर्धा तास थांबायची कटकट नको," ती म्हणाली. घाटाच्या मध्यावर सगळेच गाड्या थांबवून, बोनेट उघडून बसतात, तीही बसायची. "काटा खाली असेपर्यंत सुसाट. उजेडात पोचू."

तो "सावकाश जा" एवढंच म्हणाला. गाडी वळणाआड गेली आणि त्याने उगाचच पाना उचलला, परत ठेवला.

आता बघा, आधी ती निदान थांबत तरी होती. आता याने तिला न थांबायचं कारण हातात दिलं होतं. खालची बरोबर असेल तर प्रश्नच नव्हता. पण नसेल तर? तेल तापून फुगणार, बाहेर येणार, खालच्या लालबुंद सायलेन्सरवर पडणार आणि भडका उडणार. नाहीतर गिअर सुटणार आणि बिऱ्हाडाने भरलेला ट्रेलर गाडीला चढावर मागे खेचणार. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि आत दोघी.

शेजारचा टायरवाला पाना मागायला आला. "मिस्त्री, हाच हवाय का तुम्हाला? तिसऱ्यांदा उचलून ठेवलात."

"घेऊन जा," तो खेकसला.

फोन करायला हवा होता. करून सांगायचं काय? त्याने दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. लाज जीवापेक्षा मोठी असते का हो? त्या पाऊण तासात त्याच्यापुरती तरी होती.

मग फोनच वाजला. बायकोने फोन हातात धरला होता आणि लेक गाडी चालवता चालवता मोठ्याने बोलत होती.

"बाबा, मस्त चाललंय. मधलं वळण कधीच मागे पडलं. काटा सत्तरवर आहे, ढिम्म हलत नाही."

भरलेला ट्रेलर, जवळजवळ सगळा घाट, आणि सत्तर? चढावर तो काटा शंभराच्या वर हवा होता. खालची नळी परतीची होती.

"थांब. गाडी बाजूला घे."

"का?"

"घे म्हणतो ना. वायर सैल असेल."

"वायर सैल असती तर काटा पडला असता. तुम्हीच सांगितलंत मघाशी. आणि मागे ट्रकांची रांग आहे, बाबा. अजून दोन वळणं गेली की चढ संपतो."

"पोरी, ऐक माझं."

"अहो, पण काटा खाली आहे ना? तुम्ही हात लावून बघितलंत. मग कशाला घाबरता?"

दोन वळणं म्हणजे पाच-सहा मिनिटं. तिचा विश्वास काट्यावर नव्हताच, बापाच्या हातावर होता. तो विश्वास मोडल्याशिवाय गाडी थांबणार नव्हती.

"माझ्या हाताला कळत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. गरम-गार काहीच कळत नाही. दोन नळ्यांतली एक मी अशीच सांगितली. चुकीची सांगितली. थांब."

फोनमध्ये नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. मग इंडिकेटरची टकटक सुरू झाली. कुणीतरी मागून हॉर्न दिला. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"बंद कर. दोघी उतरा. आधी ट्रेलरच्या चाकांमागे मोठे दगड लावा. बोनेटला हात लावू नका."

दार उघडलं, पावलं वाजली, दगड सरकले. मग लेकीचा आवाज आला, लांबून, पार बदललेला. "बाबा, खालून धूर येतोय. तेल ठिबकतंय, सायलेन्सरवर पडून चरचरतंय."

"लांब उभ्या राहा. किती आहे धूर?"

"आहे." बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कमी होतोय. ठिबकणं थांबलं."

तो खाली फरशीवरच बसला.

थोड्या वेळाने फोनवर बायको आली. तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं?"

"हो."

"म्हणजे थंडीत मला ताप होता तेव्हा पण."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कपाळाला हात लावून म्हणालात, उतरतोय. म्हणून मी दोन दिवस अंगावर काढला. दवाखान्यात नेलंत तेव्हा एकशेचार होता. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, अचानक चढला."

"तुझा चेहरा जरा बरा वाटला होता," तो म्हणाला. "त्यावरून म्हणालो."

"तेव्हा तरी बोलायचं होतंत."

तिकडून एक ट्रक धडधडत गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

"आम्ही इथे बसलोय," ती म्हणाली. "या तुम्ही. आणि येताना कुणाला तरी बरोबर घेऊन या. ज्याच्या हाताला कळतं असा."

तो उठला आणि शेजारच्या दुकानात गेला. टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"माझ्याबरोबर घाटात चल," मिस्त्री म्हणाला. "मीटरचा सेन्सर एका नळीतून काढून दुसरीत बसवायचा आहे. हात तू लाव, माझ्या हाताला कळत नाही."

टायरवाल्याने वर पाहिलं. त्याला ती थट्टा वाटली असावी, कारण तो हसला. मिस्त्रीने दोन्ही तळहात त्याच्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही या आठवड्यातले. टायरवाल्याचं हसू गेलं. त्याने ट्यूब पाण्यातून काढली, हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली.