लुसीआंटीकडचा बटाटा

लुसी बोर्जिसला कुत्र्याची भीती वाटते, आणि तिच्या घरी कुत्री राहायला येतात. हे दोन्ही खरं आहे. शनिवारी सकाळी ठाण्याहून, डोंबिवलीहून गाड्या येतात, दारं उघडतात आणि माणसांच्या आधी चार पाय खाली उतरतात. तेव्हा लुसी ओटीवरच्या बाकावर मांडी घालून बसलेली असते. दोन्ही पाय वर. तिथूनच ती हसून सांगते, "या, या, बसा. पयला त्याला धरा."

आंबेपाखाडी हे गाव भाईंदरच्या खाडीपलीकडचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे भाजीचे मळे आणि भातखाचरं. लुसीचं माहेर बाळकुमचं. बाळकुम तेव्हा गाव होतं, आणि त्या गावातल्या एका पिसाळलेल्या कुत्र्याने सात-आठ वर्षांच्या लुसीची पोटरी धरली होती. पोटात घ्यायची ती इंजेक्शनं तिने सगळी घेतली. जखम भरली, भीती राहिली. लग्न होऊन आंबेपाखाडीला आली, दोन पोरं वाढवली, मळ्यात राबली, बाजारात बसून भाजी विकली. भांडखोर गिऱ्हाइकाला तिने कधी भीक घातली नाही. पण रस्त्यात कुत्रं दिसलं की भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती लांबच्या बांधावरून जायची.

नवरा आर्थर ठाण्यातल्या एका कंपनीत फिटर होता. तो निवृत्त झाला तेव्हा मुलगी शेरॉन म्हणाली, "आई, मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. लोकांना राहायला द्या ना. शहरातल्या माणसांना असली कौलारू घरं आवडतात."

"हितं काय हाय बघायला?" लुसी म्हणाली.

"तुझं जेवण."

ते मात्र लुसीला पटलं. खोल्यांना चुना लागला, नवे पलंग आले, आणि महिन्यातून दोन-तीन कुटुंबं येऊ लागली. बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या बाटली मसाल्याची कोंबडी आणि आंबवलेल्या पिठाचे तळलेले गरम फुगे खाऊन लोक मागच्या अंगणात ताणून द्यायचे आणि संध्याकाळी समुद्र बघायला जायचे. फोन घ्यायचं काम आर्थरचं. हा माणूस गावच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा, आणि कंपनीतल्या मशीनांनी म्हणा की बँडमधल्या ढोलाने म्हणा, त्याचा उजवा कान जवळजवळ गेला होता. फोन तो हटकून उजव्याच कानाला लावायचा.

त्या जानेवारीत ठाकुर्लीहून एक फोन आला. स्वप्ना शेजवळ नावाची बाई होती, शाळेत शिकवायची.

"अंकल, मी आणि मिस्टर, दोघंच आहोत. पण आमच्यासोबत बटाटा आहे. चालेल ना?"

"बटाटा?" आर्थर मोठ्याने हसला. "अहो ताई, आणा की! बटाटे आमच्याकडं पण असतात, पण घरचे असतील तर आणा."

"नक्की ना? काही ठिकाणी नाही म्हणतात."

"बटाट्याला कोण नाय म्हणतं? खुशाल आणा."

पलीकडे स्वप्नाने तिथल्या तिथे उडी मारली असावी, कारण ती तीन वेळा थँक्यू म्हणाली. आर्थरने आत येऊन सांगितलं, "लुसी, शनवारी दोन माणसं. बटाटे घेऊन येणार हायेत."

"कशाला?"

"आपल्याला काय करायचंय? कोंबडीत घालायला लागत असतील."

शनिवारी दुपारी गाडी आली. स्वप्ना उतरली. तिचा नवरा महेंद्र उतरला; तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता, उंच, शांत माणूस. मग त्याने मागचं दार उघडलं, आणि आतून एक काळाभोर, वासराएवढा कुत्रा अंग झाडत बाहेर आला.

लुसी पाणी घेऊन येत होती. तांब्या खाली गेला आणि ती बाकावर. वर कशी चढली ते तिला आजही सांगता येत नाही.

"आर्थर! ह्यो काय हाय?"

"बटाटा," स्वप्ना कौतुकाने म्हणाली. "यार्डाजवळ सापडला तेव्हा अगदी बटाट्याएवढा होता, आंटी."

"आता पोत्याएवढा हाय!"

आर्थरच्या डोक्यात एकदाचा प्रकाश पडला, पण उपयोग काय? तो तांब्या उचलून सांडलेलं पाणी पुसायला लागला. शेवटी लुसीनेच बाकावरून सांगितलं, "बाय, माज्या नवऱ्याची चूक झाली. पण कुत्रा नाय चालनार. मला लय भ्या वाटतं."

स्वप्नाचा चेहरा पडला. पण ती भांडली नाही. "ठीक आहे, आंटी. आम्ही जातो. तुमच्याआधी फोनवर दोन ठिकाणी विचारलं होतं. एक म्हणाले, कुत्रा पार्किंगमध्ये बांधा, रात्रभर. तो म्हातारा आहे हो, एकटा राहिला की रडतो."

"इथं फोनवर हो म्हणाले होते म्हणून आलो," महेंद्र बटाट्याचा पट्टा हातावर गुंडाळत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नकार आम्हाला नवा नाही, आंटी. भाड्याचं घर बघायला गेलो की आधी नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि मग ती खोली कालच गेलेली असते. बटाट्याचं बरं आहे. त्याला निदान तोंडावर नाही म्हणतात."

लुसीला शेरॉनची गोष्ट आठवली. शेरॉन लग्नानंतर ठाण्यात घर शोधत होती तेव्हा तिला एका दारात विचारलं होतं, "तुमच्यात काय काय शिजवता?" ती संध्याकाळी माहेरी येऊन रडली होती, आणि लुसी त्या न बघितलेल्या घरमालकाला आठवडाभर शिव्या देत होती. आता आपल्याच दारात हे दोघं गाडीत सामान भरताहेत. आणि चुलीवर त्यांच्यासाठी केलेली कोंबडी रटरटतेय.

"थांबा," ती म्हणाली. "जेवन तयार हाय. दारातनं कोन उपाशी जात नाय माज्या."

"पण बटाटा?"

"एक रात. पन तो कुठं हाय ते मला कळाला पायजे. आर्थर, आपल्या शेळीची घंटा आन."

शेळी केव्हाच गेली होती. घंटा खुंटीला होती. महेंद्रने ती बटाट्याच्या गळ्यात बांधली. बटाट्याने एकदा मान हलवून आवाज ऐकला, त्याला तो पसंत पडला असावा, आणि किणकिणत तो ओटीच्या पायरीशी जाऊन झोपला. त्या दुपारी लुसी घरात आवाजाच्या अंदाजाने वावरली. घंटा पुढे वाजली की ती मागे, घंटा मागे वाजली की ती पुढे.

त्याच संध्याकाळी शेजारच्या ऑलिव्हरच्या लग्नाचं उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून, कळशा घेऊन, वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात. त्याच पाण्याने दुसऱ्या दिवशी नवऱ्याची आंघोळ. बँड आर्थरचा. फुगे तळायचं काम लुसीचं, कारण तिच्यासारखे गोल फुगे पाखाडीच्या अख्ख्या वस्तीत कुणाचे होत नाहीत, हे तिच्या शत्रूंनाही मान्य. स्वप्नाला कुणीतरी लुगडं नेसवलं, हातात कळशी दिली, आणि ती ऑलिव्हरच्या मावश्यांमध्ये अशी मिसळली की जणू त्यांच्यातलीच एक.

बँड सुरू झाला. आर्थरने क्लॅरिओनेट वर धरून लांब सूर काढला, आणि रस्त्याच्या कडेला महेंद्रजवळ बसलेल्या बटाट्याने मान वर करून तोच सूर लावला.

मिरवणूक थांबली. आर्थरने सूर बदलला, बटाट्यानेही बदलला. बायका हसून हसून वाकल्या, कळशा ठेवायची वेळ आली. "आर्थर," ढोलवाला ओरडला, "तुज्यापेक्षा तो बरा वाजवतो रे!" आर्थरला मात्र त्यात अपमान वाटला नाही. त्याने टोपी काढून बटाट्याला सलाम केला.

आणि तेवढ्यात ऑलिव्हरच्या कुणा मित्राने फटाक्यांची माळ लावली.

बटाट्याने एवढ्या जोरात हिसका दिला की पट्टा महेंद्रच्या हातून सुटला. अंधारत चाललेल्या गल्लीतून घंटा जोरजोरात वाजत गेली, मग लांबून वाजली, मग बंद झाली. स्वप्ना कळशी टाकून धावली. उंबराचं पाणी तिथेच राहिलं आणि अख्खी मिरवणूक कुत्रा शोधायला निघाली. कुणी मळ्यात, कुणी समुद्राकडे, ढोलवाला डोंगराच्या वाटेने. "बटाटाऽ, बटाटाऽ" अशा हाका ऐकून पलीकडच्या पाखाडीतल्या लोकांना वाटलं, भाजीवाला आलाय.

लुसी घरीच होती, मागच्या अंगणात तळणीसमोर. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाणी आणायला ती मागच्या न्हाणीत गेली, आणि कोपऱ्यात पिंपाच्या मागे तिला काहीतरी काळं दिसलं. मग घंटा अगदी बारीक वाजली.

तिच्या हातात झारा होता. तो तिने पुढे धरला. पळायला हवं होतं, पण त्याच्याकडे पाठ फिरवायचा धीर झाला नाही. ती उंबऱ्यातच खाली बसली. बटाटा तिच्याकडे बघत होता आणि कापत होता, दात वाजत होते, पिंपाला अंग घासून तो भिंतीत शिरू पाहत होता.

"अरे," लुसी म्हणाली, "मी तुला भिते, तू कुनाला भितोस?"

बाहेर अजून एक फटाका वाजला. बटाटा कण्हला. लुसीला काय करावं सुचेना. भीती वाटली की ती एरवी जे करते तेच तिने केलं. गळ्यातली जपाची माळ हातात घेतली आणि मोठ्याने म्हणायला लागली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." पहिला मणी स्वतःसाठी होता. पाच-सहा मणी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की बटाट्याचं कापणं कमी झालंय. तिने आवाज तसाच ठेवला, लाटेसारखा, खाली-वर. मधेच उठून, पाठ न फिरवता, तिने फुग्यांची टोपली ओढून आणली. एक फुगा त्याच्याकडे सरकवला. तो त्याने हुंगला आणि खाल्ला. मग दुसरा.

महेंद्र आणि स्वप्ना घामाघूम होऊन परत आले तेव्हा न्हाणीतून प्रार्थना ऐकू येत होती. आत लुसी उंबऱ्यात झारा धरून बसलेली, बटाटा पिंपाशेजारी पाय पसरून झोपलेला, आणि मधे रिकामी टोपली. स्वप्ना लुगड्यासकट ओल्या न्हाणीत बसली आणि बटाट्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. महेंद्रने हात जोडले.

"त्याला काय नाय झालं," लुसी म्हणाली. "पन लग्नाचे फुगे संपले. आता मला पीठ मळू लागा दोघं."

दोघांनी मळलं. रात्री ऑलिव्हरकडे जे फुगे गेले त्यातले निम्मे चपटे होते, आणि लुसीने ते कुणी केले ते कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजवळ दांपत्य लग्नाच्या पहिल्या पंगतीला होतं. एका रात्रीचे दोन दिवस झाले.

स्वप्नाने ठाकुर्लीला जाऊन मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी त्यांच्या मैत्रिणींना. मार्चपर्यंत फोनवर लोक आधी कुत्र्याबद्दल विचारू लागले. लुसीने फोन स्वतःकडे घेतला. "कुत्रा केवढा हाय ते खरं सांगा," असं ती स्पष्ट विचारते, आणि कितीही मोठा असला तरी हो म्हणते. शेरॉनने एकदा विचारलं, "आई, भीती गेली का गं तुझी?"

"नाय गेली. भीती माजी हाय. त्यांनी का रस्त्यावर राहायचं तिच्यापायी?"

यंदाच्या जानेवारीत शेजवळ पुन्हा आले. बटाट्याचं तोंड पांढरं झालंय, मागचे पाय लटपटतात. ओटीच्या तीन पायऱ्या त्याला चढवेनात. महेंद्र गाडी लावायला गेला होता, स्वप्ना बॅगा काढत होती. बटाटा खाली उभा राहून वर बाकाकडे बघत राहिला.

लुसीने थोडा वेळ वाट पाहिली. मग पाय खाली सोडले. एकेक पायरी उतरून ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, शेवटच्या पायरीवर बसली. बटाट्याने एक पाऊल टाकलं आणि हनुवटी तिच्या चपलेवर ठेवली.

लुसी दगडासारखी बसून राहिली.

"बाय स्वप्ना," तिने हळूच हाक मारली, "घाई नाय. पन ये."