डग्गा आणि त्रेसष्टची कळ

वडिलांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाले तेव्हा त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. दार आपटलं तर कळायचं. बारीक आवाज गेले, जाड राहिले. एके काळी ते गुरुवारच्या भजनाला तबल्यावर असत. आता कॅसेट लावली की "नुसतं पुटपुटतंय" म्हणून आत निघून जायचे. जे ऐकू येतं ते तरी त्यांच्यापर्यंत पोचावं, म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे आवाज काढणारी पेटी, घ्यायचं ठरवलं.

उल्हासनगरच्या दुकानात दोन भारी परदेशी पेट्या होत्या. "साईं, दोनों ले जाओ. घर में सुनो, एक इतवार को वापस," दुकानदार म्हणाला. रिक्षाने दोन्ही हेंद्रेपाड्याला घरी आणल्या. एकीचा स्पीकर बारा इंची, पण आवाजाची एकच कळ. दुसरीचा दहा इंची, मात्र मागे इक्वलायझर: पाच सरकत्या कळा, प्रत्येकीने खालच्या सुरांचा एकेक पट्टा कमी-जास्त करायचा.

वडिलांच्या जुन्या कारखान्याच्या सेफ्टी विभागाकडून आवाज मोजायचा मीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. आमचा हॉल नऊ फूट रुंद, मधोमध माझी खुर्ची. खुर्चीवर मीटर ठेवून चाचणीचे सूर वाजवले आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. त्रेसष्ट हर्ट्झच्या सुराला दोन्ही पेट्यांच्या रेघेत खड्डा, म्हणजे तो सूर फारच क्षीण. मोठीचा भरता येईना. लहानीची त्रेसष्टची कळ सहा डेसिबल वर सरकवली, रेघ सरळ झाली. माझ्या मते निकाल लागला होता.

तबल्याची कॅसेट लावली. वडील भिंतीलगतच्या दिवाणावर बसले होते.

"कसं वाटतंय, बाबा?" मी ओरडून विचारलं.

"घरात ट्रक चालू करून ठेवलायस का?" ते म्हणाले आणि उठायला लागले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, ऐकायचंय त्यांना, आणि मोजलंत तुमच्या खुर्चीत!"

वडिलांना पाच मिनिटं थांबवून मीटर त्यांच्या उशीवर ठेवला. तिथे त्रेसष्टला खड्डा नव्हता, डोंगर होता. तो सूर खोलीच्या मधोमध विरत होता आणि भिंतीशी फुगत होता. वर मी त्यात सहाची भर घातली होती. ते सहा काढले, कळ शून्याच्या खाली आणखी आठ नेली. कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली.

थोड्या वेळाने वडिलांचा डावा तळवा दिवाणाच्या कठड्यावर घासायला लागला, डग्ग्यावर घासतात तसा.

"डग्गा बरा आहे," ते म्हणाले. "पण हा वाजवणारा पळवतोय फार. परत लाव बघू."

मोठी पेटी रविवारी परत गेली. माझ्या खुर्चीत डग्गा जवळपास ऐकूच येत नाही. हॉलमध्ये खुर्चीला दुसरी जागा नाही, आणि ती कळ मी पुन्हा हलवली नाही.