कुलूप कंपनीचं

राजारामपुरीतल्या कलर लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसणारे ते गृहस्थ बोलताना कधी माणसाकडे बघत नसत. नजर पडद्यावर आणि आवाज मात्र रस्त्यापर्यंत.

वडिलांचे पन्हाळ्यावरचे शेवटचे फोटो मी हौसेने ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींमध्ये काढले होते. पुढे मी कॅमेरा विकला, कॉम्प्युटर बदलला आणि त्या फाइली उघडेनात. कंपनीने त्या मॉडेलचं सॉफ्टवेअरच बंद केलं होतं. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

त्या फाइलींची सीडी बघून लॅबमधले ते गृहस्थ म्हणाले, “सर, फोटो तुमचा हाय, पण कुलूप कंपनीचं हाय की.”

“म्हणजे गेलं सगळं?”

“जातंय कुठं? बसा.”

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर त्यांनी सुरू केला. जुनी सॉफ्टवेअरं राहावीत म्हणून तो त्यांनी मुद्दाम जपला होता. थोड्या वेळाने पडद्यावर पन्हाळ्याच्या ‘तीन दरवाजा’त उभे असलेले वडील दिसले, उन्हाने डोळे बारीक केलेले. मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. लॅबवाले उठले आणि चहा सांगून आले.

मग एकेक फाइल त्यांनी खुल्या फॉरमॅटमध्ये बदलली. मी म्हटलं, “चार-पाच प्रिंट दिल्या तरी चालेल.”

“प्रिंट देतो की. पण ह्या फाइली कुठल्याबी कॉम्प्युटरवर उघडायला पायजेत. परत माझ्याकडं यायची पाळी येता कामा न्हाय.”

एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.