खुर्चीखालचं लिंबू

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात त्या संध्याकाळी मी शिरलो, तेव्हा हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या सहाही खुर्च्या दोन रांगांत मांडलेल्या होत्या. पुढच्या रांगेत माझी मुलं बसली होती, मुलगी भिंतीकडेला, धाकटा कडेला, आणि दोघांच्या पोटाला माझे ऑफिसचे टाय बांधलेले होते. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. दिवे बंद.

"अहो, दारात उभे राहू नका. मागं जाऊन बसा," बायको म्हणाली. "तुम्ही जाडे प्रवासी. घोरायचं आणि पुढच्या खुर्चीला गुडघे लावायचे."

मी हसलो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीचं काम घेऊन महिन्यातून दोनदा तरी मी विमानात बसायचो, आणि ही निपाणीची मुलगी मला विमान शिकवत होती.

"अगं, चार-साडेचार तासांचं तर जाणं. पोरं झोपतील, आपण पोचू."

"तुम्ही एकटे जाता," ती म्हणाली. "एकट्याला कसली आली तालीम?"

ती हे रागानं म्हणाली नव्हती. पण मला लागायचं तिथं लागलं. आदल्या वर्षी दिल्लीहून परतताना ऐन वेळी माझी मीटिंग निघाली, आणि मी तिला दोन मुलांसह एकटीलाच विमानात बसवून दिलं. तिचा तो पहिला विमानप्रवास. विमान उशिरा, मध्यरात्रीनंतर सुटलं आणि वाटेत ढगांत सापडलं. मुलीचे कान असे दुखायला लागले की तिनं रडून विमान डोक्यावर घेतलं. धाकटा मांडीवर झोपलेला, त्यामुळे हिला उठताही येईना. हे सगळं मला नंतर मुलीकडून कळलं. बायकोनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "पोचलो."

तेव्हापासून घरात विमानाचा विषय निघाला की मुलगी दोन्ही हात कानांवर ठेवायची. आणि आता मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला रात्रीच्या विमानानं सिंगापूरला जायचं होतं. बायकोची एकुलती एक बहीण तिथं होती. लग्न होऊन गेली ती गेलीच, काही ना काही कारणानं तिचं येणं लांबत गेलं होतं. तिकिटं आली त्या दिवशी मुलगी म्हणाली, "मी येणार नाही." बायको तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बरं. तू नाही आलीस तर मीही नाही. आपण दोघी इथं राहू." मला वाटलं, पोरीला धाक घालतेय. रात्री विचारलं तर म्हणाली, "धाक कसला? खरंच नाही जाणार. ओढून नेलेलं पोर जन्मभर घाबरतं." बहिणीचं पत्र उशाखाली ठेवून झोपणारी बाई हे बोलत होती.

म्हणून ही तालीम. रोज दिवेलागणीला खुर्च्या लागायच्या. विमान सुटताना लिमलेटची गोळी, ती चावायची नाही, चोखून गिळत राहायचं. मग मांडीवर थाळी, थाळीत खरंच जेवण. मग दिवे बंद आणि बसल्या बसल्या झोप. विमानाचा आवाज म्हणून मिक्सर, आणि तो रिकामा कशाला फिरवायचा म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी. बहिणीला न्यायची सगळी चटणी आमच्या विमानाच्या इंजिनात तयार झाली.

मुलगी खुर्चीत बसायची. पण हात कानांवरच.

एकदा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्का आवाज कसला म्हणून बघायला वर आल्या. बायकोनं त्यांना कन्नडमध्ये सगळं समजावलं. अक्कांनी पदर खोचला, विमानाला एक चक्कर मारली, आणि गंभीरपणे विचारलं, "पूजे आयिता?"

पूजा कुठली? पूजा झालीच नव्हती. अक्का खाली गेल्या आणि हळदकुंकू आणि एक लिंबू घेऊन आल्या. बेंगळुरूत नवी स्कूटर असो की शाळेची बस, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती रस्त्यावर येत नाही, हे माझ्या मुलीनं जन्मल्यापासून पाहिलं होतं. अक्कांनी तिच्या खुर्चीच्या पायाला कुंकू लावलं, लिंबू खाली ठेवलं, आणि खुर्ची पुढं रेटणार तोच बायको ओरडली, "अक्का, फरशी! चिरडू नका, नुसतं राहू दे."

"सरी," अक्का म्हणाल्या. "ह्या विमानाला तेवढं पुरे." मग मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसून त्यांनी मला कोपरानं ढोसलं, "स्वल्प सरका हो, जाडे प्रवासी!" धाकटा इतका हसला की त्याच्या पोटावरचा टाय सुटला.

त्या संध्याकाळी मुलीनं कानांवरचे हात काढले. दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या मांडल्या की ती स्वतःच लिंबू आणून खाली ठेवू लागली. आणि एक दिवस जेवताना सहज म्हणाली, "मावशीला माझी बाहुली दाखवायचीय." बायकोनं पुढचा घास घेतला, काहीही न ऐकल्यासारखा. मला मात्र ती डोळे पुसताना दिसली.

निघायच्या दिवशी बायको हातातल्या पिशवीत लिंबू टाकत होती. मी म्हणालो, "तिथं लिंबं मिळत नाहीत का?" ती म्हणाली, "तिथं मिळतात. विमानात कुठं मिळणार?"

तेव्हा विमानतळ गावातच होता आणि विमानापर्यंत बसनं नेत. आम्ही बसमधून उतरलो, मुलगी आईचा हात धरून शिडीपर्यंत आली आणि थांबली. ती वर बघत नव्हती. विमानाच्या पोटाखाली, तिच्या उंचीहून मोठ्या चाकांकडे बघत होती.

"लिंबू कुठंय?"

मागे माणसं खोळंबली. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, ठेवलं होतं. विमान आलं तेव्हाच चिरडलं."

"खोटं. मग साल कुठंय?" तिचे हात कानांकडे निघाले. "मी नाही बसणार."

कोणीतरी मागून म्हणालं, "उचलून घ्या ना साहेब." मी वाकलोही. बायकोनं माझ्या दंडाला धरून मला मागे सारलं. धाकट्याला माझ्याकडे दिलं, मागच्या लोकांना हातानंच पुढं जायला सांगितलं, आणि तिथंच सिमेंटवर उकिडवी बसली. तिच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती. ही शिडी चढली की पलीकडे तिची बहीण होती, इतक्या वर्षांनी भेटणारी, आणि तरी घाई नव्हती.

"घरी आपण लिंबू कशाखाली ठेवत होतो? चाकाखाली?"

"नाही. खुर्चीखाली."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"मग तुझी खुर्ची कुठंय?"

मुलगी विचारात पडली. मग तिनं शिडीच्या वर बोट दाखवलं. बायकोनं पिशवीतून लिंबू काढून तिच्या मुठीत दिलं. मुलगी एक एक पायरी चढून गेली, आम्हा सगळ्यांच्या पुढं.

मला इतकी पुस्तकं वाचून, इतके प्रवास करून एक खोटं सुचलं होतं आणि एक जबरदस्ती. तिनं पोरीचाच नियम तिच्या हातात परत दिला. मी धाकट्याला कडेवर घेऊन मागून चढलो आणि चढता चढता स्वतःला जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

खिडकीशी मुलगी, मध्ये आई, कडेला धाकटा. मी मधल्या वाटेच्या पलीकडे. लिंबू जागेवर ठेवलं, गोळ्या तोंडात गेल्या, दिवे मंदावले. विमान उचललं तेव्हा मुलीनं हात मांडीवरच ठेवले होते. थोड्या वेळानं ती आईच्या दंडाला टेकून निपचित झाली. धाकटा तर आधीच झोपला होता. मग बायकोनं माझ्याकडे मान वळवली. मंद उजेडात तिचा चेहरा पांढराफटक दिसला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "लिंबू आहे ना जागेवर?"

मी खाली वाकून पाहिलं. नव्हतं. विमान चढताना मागे घरंगळलं असणार. मी पट्टा सोडला आणि मधल्या वाटेत गुडघ्यांवर बसून मागच्या रांगांखाली चाचपडू लागलो. हवाई सुंदरीनं विचारलं, "सर, काही हरवलं का?" मी सांगितलं, लिंबू. तिनं हसू दाबलं आणि टॉर्च आणून दिला. शेवटी कितीतरी रांगा मागं एका आजोबांनी पायानंच ते पुढं ढकललं.

परत आलो तर बायकोनं तळहात पुढं केला. मी लिंबू तिच्या हातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली ती उतरेपर्यंत उघडली नाही. आदल्या वर्षी दिल्लीहून येताना त्या मुठीत धरायला काहीच नव्हतं, मीही नव्हतो. मी पलीकडून हात लांब करून तिच्या मनगटापाशी ठेवला. धाकट्याच्या डोक्यावरून तो जेमतेम पोचत होता.

सकाळी विमानतळाच्या दाराशी बहिणी एकमेकींना बिलगल्या त्या सुटेचनात. शेवटी मावशीनं डोळे पुसत भाचीला जवळ ओढलं. "काय गं, विमानात भीती नाही वाटली?"

"नाही. बाबा रांगत होते," मुलगी म्हणाली. "लिंबू शोधत."

बायको तिच्याकडे बघतच राहिली. "तू जागी होतीस?"

"हो. ते पळालं तेव्हाच मला कळलं. माझ्या पायाला लागून गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

मुलीनं बाहुली मावशीच्या हातात दिली आणि आईकडे न बघता म्हणाली, "तू घाबरली असतीस ना."