ठमीने मालकांचा नफा खाली आणला

ठमी म्हणजे माझ्या बहिणीची थोरली. लहानपणी फळीवरचा डबा काढायला गेली की डब्यासकट फळी खाली! ती प्लायवूडच्या दुकानात हिशेब लिहायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, "बाई गं, दुकान तेवढं उभं ठेव." तीन महिने काम बघून कायम करणार होते.

त्याआधी मालक स्वतःच वह्या लिहायचे. वीस वर्षं सगळा रोखीचा धंदा. पैसे आले की रोकड नावे, विक्री जमा, संपलं. यंदा उधारी सुरू केली, आणि विक्री अशी काही फुगली की मालक शेजारचा गाळा घ्यायला निघाले. ठमीचा तिथे दुसराच आठवडा, आणि त्या दिवशी संध्याकाळी बयाणा द्यायचा होता.

दुपारी एक सुतार तणतणत आला. "पैसे देऊन महिना झाला, आणि मला तगाद्याची चिठ्ठी?"

ठमीने त्याला स्टुलावर बसवलं आणि वही उघडली. माल उधार गेला तेव्हा सुतार नावे, विक्री जमा. बरोबर. पण पैसे आले तेव्हा मालकांचा हात जुन्याच वळणावर गेलेला. रोकड नावे, पुन्हा विक्री जमा! एकच माल दोनदा विकलेला, आणि सुताराची बाकी जशीच्या तशी. मागची पानं चाळली, तर सगळ्या उधारीचं तेच.

आता चूक मालकांची आणि नोकरी हिची कच्ची. मी असते तर गप्प बसले असते. बरं बाई, नसते बसले.

"काका, बयाणा देऊ नका."

"का? बेरजा जुळत नाहीत?"

"जुळतात ना! चूकच दोन्ही बाजूंनी सारखी झालीय."

"वीस वर्षं असंच लिहितोय मी!"

"वीस वर्षं रोखीचं होतं, काका. उधारीत माल गेला तेव्हाच विक्री झाली. नंतर येतात ते पैसे सुताराच्या खात्यावर जमा."

जीभ माझ्यावर गेलीय पोरीची!

मालकांनी स्वतः पान न् पान ताडून पाहिलं. नफा निम्म्यावर आला. मग फोन उचलला, "गाळा नको. आत्ता झेपणार नाही." आणि सगळ्या वह्या ठमीपुढे सरकवल्या. "या आता कायमच्या तुझ्याकडे. मी पेन उचललं तर हातावर फटका दे."

ठमीने तिथल्या तिथे दुरुस्ती मांडली. विक्री नावे, सुतार जमा. "दादा, तुमची बाकी शून्य."

"चहा तरी पाजा आता," सुतार म्हणाला. मालकांनीच पाजला.